पित्तनलिका कापली गेली, तर प्लास्टिकची नळी का बसवत नाहीत?

पित्ताशयातील खड्यांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, की रुग्ण बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो. मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा ती नवलाची होती. आज ती तालुक्याच्या गावीही होते.

मात्र हजारातील साधारण तीन ते पाच रुग्णांच्या बाबतीत घोळ होतो. पित्ताशयाची नळी समजून यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिकाच कापली जाते किंवा तिला क्लिप लागते. मग पोट फुगते, ताप येतो, डोळे पिवळे होतात. अशा वेळी नातेवाईक विचारतात, महाधमनीला कृत्रिम नळी जोडता, मग इथे का नाही?

प्रश्न रास्त आहे. उत्तर नळीत नाही, तिच्यातून जे वाहते त्यात आहे.

रक्त वेगळे, पित्त वेगळे

महाधमनीतून रक्त जोराने धावते. यकृत दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. ते जेमतेम सहा मिलिमीटर रुंदीच्या नळीतून संथ, कमी दाबाने उतरते. त्यात क्षार, कोलेस्टेरॉल आणि रंगद्रव्ये असतात. शिवाय आतड्यातले जिवाणू खालून वर चढू शकतात. परका पृष्ठभाग मिळाला की त्यावर जिवाणूंचा थर बसतो, गाळ साचतो आणि वाट बंद होते.

याचा पुरावा रोजच्या उपचारांतच आहे. पित्तनलिकेत एंडोस्कोपीने बसवलेला प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावा लागतो. स्टेंट बदलता तरी येतो. पोटात शिवलेली नळी दर तीन महिन्यांनी कोण काढणार? त्यात सांध्याची अडचण. जिवंत ऊती आणि कृत्रिम पदार्थ जिथे शिवले जातात, तिथे आधी गळती होते आणि पुढे व्रण आकसून नळी अरुंद होते. प्राण्यांवरील प्रयोगांत न विरघळणाऱ्या नळ्या याच कारणांनी मागे पडल्या.

विरघळणारी नळी

जपानी शल्यविशारदांनी उलटा विचार केला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी डुकरांमध्ये शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरची नळी बसवली. ती काही महिन्यांत नाहीशी झाली आणि तिच्या जागी मूळ नलिकेसारखीच नवी नलिका तयार झाली. म्हणजे नळी पाइप म्हणून नव्हे, परांची म्हणून उपयोगी पडली. इमारत उभी राहिली की परांची उतरवायची असते.

केंब्रिजच्या गटाने 2017 मध्ये मानवी पित्तनलिकेच्या पेशी वाढवून, कोलॅजनच्या नळीवर चढवून उंदरात वापरल्या. 2021 मध्ये याच गटाने शरीराबाहेर यंत्रावर जिवंत ठेवलेल्या मानवी यकृतात अशा पेशी सोडल्या, तेव्हा त्यांनी नलिकांची दुरुस्ती केल्याचे दिसले. काम आशादायी आहे. पण कापलेल्या नलिकेचा रुग्ण आज दाखल झाला, तर त्याच्यासाठी यातले काहीही उपलब्ध नाही.

मग आज काय करतात?

लहान आतड्याचा एक पदर वर आणून यकृतालगतच्या निरोगी नलिकेला थेट जोडतात. स्वतःचेच आतडे असल्याने परकेपणाचा प्रश्न येत नाही. पद्धत जुनी आहे, पण हात सराईत लागतो. नलिकेचा रक्तपुरवठा तिच्या दोन्ही कडांनी येतो. आधीच्या शस्त्रक्रियेत तो भाजला गेला असेल, तर सांधा टिकत नाही.

खरा वाद इथे आहे. इजा झाली त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरने घाईने केलेली दुरुस्ती अनेकदा फसते आणि दुसऱ्या दुरुस्तीसाठी निरोगी नलिका आणखी कमी उरते. इजा लक्षात येताच साचलेले पित्त बाहेर काढण्याची सोय करावी, संसर्ग आटोक्यात आणावा आणि यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञांकडे रुग्ण पाठवावा, हाच शहाणपणा. त्यासाठी चूक झाल्याचे नातेवाइकांना स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे गाडी नेमकी तिथेच अडते. बदनामीची आणि बिलाच्या भांडणाची भीती असते, ती खोटीही नाही. पण त्यात गेलेले दिवस रुग्णाच्या यकृताला महागात पडतात.

नातेवाइकांनी शस्त्रक्रियेची टिपणे आणि एमआरसीपी तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. पुढच्या डॉक्टरला आधी तेच लागते. दुरुस्ती यशस्वी झाली, तरी सांधा काही वर्षांनीही आकसू शकतो. त्यामुळे यकृताच्या रक्ततपासण्या पुढे अनेक वर्षे कराव्या लागतात.