आमिश शेतकऱ्यांचीं दुकानें

हल्लीं आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें अमेरिकेंत नोकरीधंद्यास आहेत, आणि त्यांस भेटण्यासाठीं वडीलमंडळी तिकडे जाऊन येतात. न्यू जर्सीकडे राहणारीं मुलें एखाद्या शनिवारीं आईबापांस मोटारींत घालून पेनसिल्व्हेनियांतील लँकेस्टर परगण्यांत आमिश लोक दाखविण्यास नेतात. मंडळी घोड्यांच्या बग्ग्या पाहतात, मुरंब्याची एक बरणी घेतात, आणि "काय मागासलेले लोक!" किंवा "काय सुखी लोक!" असें म्हणून परततात. हे दोन्ही अभिप्राय उथळ आहेत असें आमचें मत आहे. आम्हीही त्या भागांत हिंडून आलों. शेतकऱ्यानें तेथें काय पाहावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हा ख्रिस्ती पंथ सन १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड व अल्सेस या प्रांतांत याकोब अम्मान याच्या नेतृत्वाखालीं निराळा झाला, आणि अठराव्या शतकांत त्याचे लोक पेनसिल्व्हेनियांत येऊन वसले. आज उत्तर अमेरिकेंत त्यांची संख्या सुमारें ४ लाख आहे. वीस ते चाळीस कुटुंबांचा एक समुदाय असतो. उपासना देवळांत नव्हे, तर पाळीपाळीनें एकमेकांच्या घरीं होते. नियम ज्या त्या समुदायाचे असतात. म्हणून एका गांवीं चालणारी गोष्ट दुसऱ्या गांवीं चालेलच असें नाहीं.

यंत्रांचा त्यांस सरसकट तिटकारा आहे ही समजूत चुकीची होय. लँकेस्टरकडे शेतांत घोडीं व खेचरें जुंपतात. परंतु त्यांच्यामागें ओढल्या जाणाऱ्या, गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रावर इंजिन बसविलेलें असतें. सुतारशाळेंत तारेची वीज नसते. डिझेल इंजिनानें हवा दाबून तिच्या जोरावर हत्यारें चालवितात. टेलिफोन घरांत नसून शेताच्या कडेस लहानशा खोपटांत असतो, व तो पुष्कळदां शेजारी मिळून वापरतात. सन १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दूध घेणाऱ्या कंपन्यांनीं थंड टाक्यांचा आग्रह धरिला, तेव्हां लँकेस्टरच्या धर्ममंडळींनीं टाक्या मान्य केल्या. पण त्या डिझेलवर थंड करावयाच्या, आणि रविवारीं दूध उचलावयाचें नाहीं, ही अट त्यांनीं मान्य करून घेतली. यावरून त्यांचा विचार ध्यानांत येतो. हें यंत्र काम करील काय, एवढाच त्यांचा प्रश्न नसतो. हें आल्यावर घर व शेजार एकत्र राहतील काय, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

शेजाराचें मोल त्यांस किती आहे, हें त्यांच्या कोठारावरून दिसतें. एकाचें कोठार जळालें तर सारा समुदाय जमून तें पुन्हां उभारतो. बायका जेवण करितात, घरधन्याकडून मजुरी कोणी घेत नाहीं. आपल्याकडील इर्जिक ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. आपल्या वृद्धांचा व आजाऱ्यांचा भार हे लोक स्वतः वाहतात, म्हणून सन १९६५ च्या कायद्यानें, स्वतंत्र धंदा करणाऱ्या आमिशांस वृद्धापकाळाच्या सरकारी विम्यांतून सूट मिळाली आहे.

आतां दुकानांविषयीं. जमीन महाग, व घरांत सहा-सात मुलें; चाळीस ते साठ एकरांचें शेत सर्वांस पुरावें कसें? शेताचे तुकडे करण्याऐवजीं तें बहुधा एकाच मुलाकडे जातें, आणि आईबाप त्याच घरास जोडलेल्या लहान घरांत राहतात. बाकीच्यांनीं शहराची वाट धरूं नये म्हणून अंगणांतच धंदे निघाले: घोड्यांचें सामान, लांकडी सामान, गोधड्या, रोपवाटिका, किराणा. आज निम्म्याहून कमी आमिश कुटुंबें शेतीवर जगतात. प्रवाशास जें गमतीचें दुकान दिसतें, तें अशा रीतीनें शेताचा धाकटा भाऊ आहे.

तेथें जाणारानें कांहीं मर्यादा पाळाव्या. रविवारीं दुकानें बंद असतात. कोणाच्या तोंडासमोर छायाचित्र घेऊं नये. मूर्ति करूं नये या बायबलांतील आज्ञेस अनुसरून ते आपलें छायाचित्र काढवून घेणें अयोग्य मानतात. जवळ रोख पैसे असावे. रस्त्याकडेच्या कांहीं मांडवांत विकणारा बसलेलाच नसतो, भाजी घ्यावी व पेटींत पैसे टाकावे. शिवाय "आमिश" पाटी लावलेलें प्रत्येक दुकान आमिशांचें नसतें, हेंही लक्षांत ठेवावें.

त्यांचें सर्वच आम्हांस मान्य आहे असें नव्हे. मुलांचें शिक्षण ते आठव्या इयत्तेवर थांबवितात. सन १९७२ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांस तसा अधिकार दिला. आम्ही मात्र आमच्या मुलींस व मुलांस पुढें शिकवूंच. शिवाय इतकी शिस्त असूनही बहुतेकांची शेती सुटली, हें कटु सत्य झांकून त्यांची स्तुति करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आमच्याकडे एकानें दोनशे फूट बोअर घेतली कीं शेजारी चारशे फूट घेतो, आणि दोघेही कर्जांत व कोरड्यांत बसतात. बोअर वाईट नव्हे; परंतु ती घेण्यापूर्वीं शिवारांत बसून विचारण्याची रीत आम्हीं सोडली, हें वाईट. नवीन वस्तु घरीं आणण्याआधीं चार शेजाऱ्यांनीं एकत्र बसून तिचा हिशोब करावा, यास कोणाचा धर्म स्वीकारावा लागत नाहीं. लँकेस्टरहून मुरंबा जरूर आणावा. पण ही रीतही बरोबर आणावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.