बैलाचा खांदा मळतो, क्लचचे काय?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा तेल-हळद लावून मळतात. सुजलेल्या खांद्याचा बैल औताला जुंपला तर गाव नावे ठेवते. आता परंड्यापासून उमरग्यापर्यंत नांगरट, पाळी, पेरणी, मळणी बरीचशी ट्रॅक्टरवर गेली. बैल घटले. पण ट्रॅक्टरलाही खांदा असतो. इंजिनची ताकद ज्या जागी चाकाला जोडली जाते, ती जागा म्हणजे क्लच. तो सुजत नाही, जळतो. आणि जळाला की पहिला दोष ड्रायव्हरच्या माथी येतो, त्याच्या पगारातून पैसे कापले जातात. आमचे म्हणणे असे की क्लच बहुतेक वेळा पायाच्या सवयीने जातो हे खरे. पण ती सवय लावणारे आणि मोडू शकणारे मालकच आहेत. म्हणून पगार कापण्याआधी हिशेब नीट मांडला पाहिजे.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनबरोबर फ्लायव्हील फिरते. त्याच्या आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये क्लचप्लेट स्प्रिंगच्या जोराने आवळलेली असते. पेडल दाबले की आवळ सुटते, इंजिन वेगळे आणि चाक वेगळे. पेडल पूर्ण सोडले की तिन्ही एका वेगाने फिरतात, आणि तेव्हा झीज होत नाही. झीज होते ती मधल्या वेळात, प्लेट घासत असताना. घासले की उष्णता, उष्णता वाढली की अस्तर जळते, स्प्रिंगचा जोर जातो, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात. म्हणजे क्लच किती एकर चालला यापेक्षा किती वेळ घासला, यावर त्याचे आयुष्य ठरते.

घासण्याच्या सवयी गावोगाव सारख्याच. पहिली, पेडलवर पाय टेकवून चालवणे. पाय हलका असला तरी आवळ कमी होते आणि बेअरिंग फुकट फिरत राहते. दुसरी, चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरणे. तुळजापूरच्या किंवा येडशीच्या घाटात, पुढे गाडी अडली की हेच चालते. ब्रेक त्यासाठीच दिला आहे. तिसरी, भरली ट्रॉली किंवा पाण्याचा टँकर वरच्या गिअरमध्ये उचलणे. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती गावांनी टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, हे आपण विसरलेलो नाही. तसले ओझे पहिल्या गिअरमध्येच हलवावे. चौथी, काळ्या रानात नांगर रुतला की रेस वाढवून क्लच थोडा थोडा सोडत ओढणे. तिथे हायड्रॉलिकने नांगर थोडा उचलावा, गिअर उतरवावा. पाचवी, जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या रांगेत गिअर टाकून, क्लच दाबून बसणे. न्यूट्रल करायला काही पैसे पडत नाहीत.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात आणखी एक खोच आहे. पेडल अर्धे दाबले की चाक थांबते, पूर्ण दाबले की पीटीओ थांबतो. ज्वारीची मळणी चालू असताना कुणी अर्ध्या पेडलवर पाय ठेवून बसला, तर चाकाकडचा क्लच धड सुटत नाही, धड बसत नाही. मळणीयंत्र चालवायचे तर गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि पाय पेडलवरून खाली. जीप आणि पिकअपलाही रस्त्यावरचे हेच नियम लागू आहेत.

आता दोषाचे बोलू. ड्रायव्हरला एकरावर पैसे ठरवायचे, वाफसा निघून जाईल म्हणून रात्रंदिवस पळवायचे, ट्रॉलीत मापापेक्षा जास्त भरायचे, आणि क्लच गेला की त्याला धरायचे, हा न्याय नव्हे. बरीच पोरे ट्रॅक्टर शिकली ती दुसऱ्याच्या शेजारी मडगार्डवर बसून. ज्याच्याकडे पाहून शिकली त्याचीच खोड उचलली. नव्या बैलाला औत शिकवायला आपण दिवस घालवतो. लाखोंच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला दोन दिवस शिकवायचे कुणाच्या मनात येत नाही.

शिवाय प्रत्येक क्लच पायानेच जातो असे नाही. म्हणून ट्रॅक्टर उकलला की मिस्त्रीकडून जुनी प्लेट मागून घ्या, उजेडात बघा. रिव्हेटपर्यंत सारखी झिजली असेल तर ते वय झाले. काळी पडली, करपली, फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर घासली, मग ती पायाने घासली की बिघडलेल्या सेटिंगने, ते पाहावे. तेलाने माखली असेल तर सील गळते आहे, त्यात ड्रायव्हरचा काय अपराध? पेडलची मोकळी चाल संपली असेल तर क्लच पाय न लावताही घसरतो. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते. ती पुस्तिकेतल्या मापावर ठेवणे हे मालकाचे काम. रेस वाढली आणि वेग वाढला नाही, करपल्याचा वास आला, तर त्याच दिवशी थांबावे. पुढे चार दिवस ओढले तर प्लेटबरोबर फ्लायव्हीलही जाते.

काही भाऊ म्हणतील, कापसाला आणि ज्वारीला भाव नाही, तिथे क्लचचे काय घेऊन बसलात? भावाची लढाई सोडा असे आम्ही म्हणत नाही. उलट ती नीट लढायची तर हेच लागते. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागायला १९८० च्या कांदा आंदोलनापासून शरद जोशींनी शिकवले. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या खर्चात घरचे आणि भाड्याचे यंत्र धरले जाते. पण आपल्या घरी ते लिहिलेले असते का? डिझेल लिहितात, क्लच लिहीत नाहीत. मग भाड्याचा दर शेजाऱ्याकडे बघून ठरतो, आणि क्लचचा खर्च आला की वर्षभराची कमाई त्यात जाते. जो खर्च वहीत नाही तो भावात येणार कुठून?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या क्लच असेंब्लीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले. पण मजुरी आणि पेरणीच्या दिवसांत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे नुकसान काही त्याने कमी होत नाही. सरकारने करात दिलेली सवलत पायाने जाळून टाकू नये.

म्हणून या बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, मालकाने आणि ड्रायव्हरने जुनी प्लेट एकत्र पाहिल्याशिवाय पगारातून एक रुपयाही कापू नये. दोन, मध्य प्रदेशात बुदनीला केंद्राची यंत्र प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे. तसे शिक्षण आपल्या पोरांना जवळ मिळावे म्हणून तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राकडे तालुकावार ड्रायव्हर शिबिरांची मागणी करावी. तीन, प्रत्येक ट्रॅक्टर असलेल्या घरात दुरुस्तीची वही ठेवावी. पैशाचा हिशेब बहुतेक घरांत मायबहिणीच चोख ठेवतात, वही त्यांच्याकडे द्यावी. पुढच्या बैठकीला येताना ती वही बरोबर आणावी. भाड्याचा दर त्यावरूनच ठरवू, आणि भावाची मागणीही त्यावरूनच लिहू.