सहीचा फलक

स्वाक्षऱ्या जमविण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. महात्मा गांधी आपल्या सहीबद्दल पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीस देत. तरीही मागणाऱ्यांची रीघ तुटत नसे. आजही एखादा नामांकित गायक रत्नागिरीस आला म्हणजे नाट्यगृहाच्या मागील दाराशी मुलांची झुंबड उडते. कोणी वहीचे फाटके पान पुढे करतो, कोणी तिकिटाची पाठ, तर कोणी चक्क आपला तळहात! पाहुणा चालता चालता दोन रेघोट्या ओढतो आणि मोटारीत बसतो. अशा सहीचे एवढे अप्रूप का वाटावे, हे मला उमगत नाही.

याबाबतीत जपानी लोकांची रीत मला फार आवडते. तेथे सहीसाठी 'शिकिशी' नावाचा फलक वापरतात. तो सुमारे २७ सेंटिमीटर लांब व २४ सेंटिमीटर रुंद असतो. जाड पुठ्ठ्यावर शुभ्र कागद चिकटविलेला आणि कडेला बहुधा सोनेरी पट्टी. मुळात हा फलक कविता लिहिण्यासाठी व चित्रे काढण्यासाठी; पुढे नट, खेळाडू आणि गायकही त्यावर सही करू लागले. रॉक संगीताचे पाश्चात्त्य तारे जपानात गेले, की त्यांच्यापुढेही हाच फलक येतो. सही करणारा पुष्कळदा मागणाऱ्याचे नाव आणि तारीखही त्यावर घालतो. एवढी कोरी, देखणी जागा समोर आली म्हणजे घाईतला माणूसही क्षणभर थांबतो. रवींद्रनाथ ठाकूर चीन-जपानात गेले, तेव्हा लोक त्यांच्यापुढे पंखे आणि रेशमाचे तुकडे धरीत. त्यांवर लिहिलेल्या चार-दोन ओळींतूनच पुढे 'फायरफ्लाइज' हे त्यांचे १९२८ सालचे पुस्तक जन्मास आले.

तथापि फलक सुंदर असला म्हणजे सहीला मोल आले, असे मात्र नव्हे. ज्याचे एकही गाणे आपण मन लावून ऐकले नाही, त्याची सही केवळ मित्रांना हिणविण्यासाठी मिळवायची, हा कसला छंद? 'बीटल्स' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाच्या नावाने फिरणाऱ्या कित्येक सह्या तर त्यांच्या मदतनिसांनीच केलेल्या आहेत!

माझे म्हणणे असे, की हा छंद घरापासून सुरू करावा. गौरी-गणपतीत आपल्या वाडीत जाखडी होते. पायांत घुंगरू बांधून पोरे फेर धरतात आणि मध्ये बसलेला शाहीर रात्रभर गातो. शिमग्यात नमन होते. त्यातला संकासुर पाहून आपण पोट धरून हसतो. सकाळी त्या संकासुराचे खरे नाव किती मुलांना सांगता येईल? त्याच्यापुढे वही घेऊन कोणी उभा राहिल्याचे मी तरी पाहिलेले नाही. गाणे तेच, घाम तोच. मग सहीचा मान तेवढा परगावच्या पाहुण्यालाच का?

शिकिशी आपल्या बाजारात मिळणार नाही, न मिळो. जुन्या वहीचा पुठ्ठा कापून त्यावर खळीने पांढरा कागद डकवला, की फलक तयार. म्हाताऱ्या मृदंगवाल्याला कदाचित लिहिता येत नसेल. पण त्यालाही तोड आहे. जपानातले सुमो मल्ल शिकिशीवर शाईने आपल्या पंजाचा ठसा उमटवितात आणि शेजारी कुंचल्याने नाव लिहितात. आपणही मृदंगवाल्याच्या पंजाचा ठसा घ्यावा. खाली त्याचे नाव, वाडी आणि तारीख आपल्या सुवाच्य अक्षरात लिहावी, आणि फलक उन्हापासून दूर ठेवावा, कारण शाई उन्हाने विटते.