गिअरबॉक्सचा ताप फडातच ठरतो

दसरा-दिवाळी सरली की वडवणी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट कर्नाटकात जाते. काही ट्रॅक्टर मात्र जवळच तेलगावच्या लोकनेते सुंदरराव सोळंके कारखान्याला ऊस घालतात. हंगामापूर्वी ट्रॅक्टरची तयारी होते. टायर बदलतात, इंजिनाचे तेल बदलते, ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग होते. गिअरबॉक्सकडे मात्र तो आवाज करू लागल्याशिवाय फारसे कुणी पाहत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या पाण्याचा काटा असतो. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दाखवणारा काटा बहुतेक ट्रॅक्टरना नसतो. जे दिसत नाही त्याची काळजी घेतली जात नाही, आणि त्याची किंमत भर हंगामात मोजावी लागते.

ही उष्णता येते कुठून, हे आधी समजून घ्यावे. सर्वांत आधी तापतो तो क्लच. भरलेली ट्रॉली जागची हलवताना क्लच प्लेट काही क्षण घसरते, आणि त्या घसरण्यात इंजिनाची ताकद उष्णतेत जाते. गणित सोपे आहे. तीनपट वेगाच्या गिअरमध्ये गाडी उचलली तर क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता तीनपट नव्हे, साधारण नऊपट होते, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. फडातली मऊ जमीन आणि रस्त्यावर येतानाचा चढ यांचा भार त्यात वेगळा मिळवावा लागतो. म्हणून फडातून बाहेर काढताना ‘लो’मधला सर्वांत खालचा गिअर टाकावा आणि क्लच एकदाच, पण पूर्ण सोडावा. अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर धरून ठेवणे, किंवा रस्त्याने जाताना पेडलवर पाय टेकून ठेवणे, या दोन सवयी प्लेट आणि रिलीज बेअरिंग दोन्ही खातात. जळका वास आला तेव्हा नुकसान सुरू झालेले असते.

दुसरी उष्णता गिअर आणि तेलाची. दातावर दात घासतो, बेअरिंग फिरते, तेल घुसळले जाते. ५० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असेल तर त्यातला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे तीन-चार किलोवॉट, चाकापर्यंत पोहोचण्याआधीच हाउसिंगमध्ये उष्णता होऊन राहतो. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने ती निघून जाते. चढावर वेग मंदावतो, वारा लागत नाही आणि ताकद मात्र पूर्ण लागते. तेल तापते ते तिथेच. तापलेले तेल पातळ होते, दातांमधला तेलाचा थर विरतो आणि धातूला धातू भिडतो. तेलाचे तापमान दहा अंशांनी वाढले की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा यंत्रशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. त्यात आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचे तेल एकच असते. एकाचा ताप सगळ्यांना भोवतो.

तिसरी आणि सर्वांत धोक्याची उष्णता उताराची. ऊस, दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून २० टनांचा हिशोब धरू. हे वजन १०० मीटर उंचीवरून खाली आले की जी ऊर्जा सुटते, तिच्यात सुमारे ६० लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी कुठेतरी जिरावीच लागते. ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतात, म्हणजे हा सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर येतो, आणि तेलातले ब्रेक असतील तर ती उष्णता थेट हाउसिंगच्या तेलात उतरते. तेलगावहून धारूरकडे जाणारा घाट चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. अरुंद वळणे, मागून ढकलणारा ऊस आणि पायाखाली हळूहळू मऊ पडत जाणारे ब्रेक, ही अवस्था चालकाच्या कौशल्याच्या पलीकडची असते.

यावर उपाय एकच: उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकणे. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मग वजन इंजिन धरते आणि उष्णता रेडिएटर व सायलेन्सरमधून निघून जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणे हा तर दुहेरी तोटा आहे. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनाचा गव्हर्नर डिझेल जवळपास बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते आणि ब्रेक एकटे पडतात. रस्त्यावर येताच डावा-उजवा ब्रेक पेडल जोडपट्टीने एकत्र करणे हेही विसरू नये. वेगवेगळे पेडल शेतात वळण्यासाठी असतात. घाटात एकच दाबला गेला तर गाडी आडवी होते.

हा ताप इतरत्र कसा हाताळतात ते पाहू. अमेरिकेत मोठे ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपना बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. त्यात क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. चढावर कमी वेगात तो तेलातच घसरत राहतो आणि तेल झपाट्याने तापते. म्हणून तिथे गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर असतो, ओढकामाच्या वेळी खालचा गिअर धरून ठेवणारे बटण असते आणि चालकासमोर तेलाचे तापमान दाखवलेले असते. गाडी आणि ट्रेलर मिळून वजनाची कमाल मर्यादा निर्माता छापून देतो. आपला ट्रॅक्टर वेगळा, रस्ते वेगळे. तरी यातल्या दोन गोष्टी इथेही हव्यात. ताप मोजता यायला हवा आणि वजनाला मर्यादा हवी.

मोजण्याचे काम अवघड नाही. दुरून तापमान दाखवणारी हातातली गन आता स्वस्तात मिळते. रोजच्या खेपेनंतर हाउसिंगवर एकाच जागी ती धरली तर चार दिवसांत आपल्या ट्रॅक्टरचे नेहमीचे तापमान कळते, आणि त्याहून वाढ दिसली की कारण शोधता येते. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. काळे आणि जळक्या वासाचे असेल तर ते संपले आहे. हाउसिंगवर साचलेली माती आणि पाचट खरवडून काढावे, कारण ते उष्णता आत कोंडते. तापलेल्या हाउसिंगवर पाणी मात्र ओतू नये. ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

एवढे सगळे केले तरी खरा निर्णय गिअरच्या दांड्याजवळ होत नाही. तो फडात होतो, ट्रॉली भरताना. मोळ्यांचे आणखी दोन थर चढले की क्लच, तेल आणि ब्रेक यांच्या वाट्याचा ताप ठरून जातो; पुढे चालक फक्त तो वाटून देतो. आणि जादा थर चढतात त्यामागे हाव नसते. वाहतुकीचे पैसे टनामागे मिळतात, डोक्यावर उचल असते, ट्रॅक्टरचे हप्ते असतात. त्यात कारखान्याच्या आवारात नंबर लागायला तासन् तास जातात. दिवसाला एकच खेप होणार असेल तर ती मोठी करण्यावाचून माणसाजवळ दुसरा मार्ग उरत नाही. मग एखाद्या दिवशी गिअरबॉक्स उघडावा लागतो, ट्रॅक्टर उभा राहतो, टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस फडात वाळून वजन हरवतो. यात नुकसान वाहतूकदाराचे, मजुराचे आणि शेतकऱ्याचेही होते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पण हा दंड रस्त्यावर सापडलेल्या चालकाला बसतो. जादा खेपेची गरज जिथे तयार होते तिथपर्यंत तो पोहोचत नाही. कारखान्याच्या काट्यावर मात्र प्रत्येक खेपेचे वजन नोंदले जाते. कोणती ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडी रोज किती टन आणते, हे कारखान्याला कुणी सांगावे लागत नाही. त्या नोंदीचा उपयोग बिल काढण्यापुरता न ठेवता मर्यादा पाळण्यासाठी करावा. जादा वजनाची खेप आली तर त्या वाहतूकदाराला समज द्यावी आणि मर्यादेतल्या खेपांना नंबर आधी द्यावा. आवारातला खोळंबा घटला तर दिवसात दोन खेपा होतील आणि एका खेपेत दोन खेपांचा ऊस कोंबण्याचे कारणच उरणार नाही. साखर आयुक्तालयाने गाळप परवान्याच्या वेळी याची विचारणा करावी.

वडवणीपुरती एक गोष्ट यंदाच करता येईल. टोळ्या निघण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टर-ट्रॉली तपासणीचे शिबिर घ्यावे: गिअरबॉक्सचे तेल, क्लचचा फ्री प्ले, ब्रेक, हुक, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर. परिवहन विभाग, कारखान्यांचे शेती विभाग आणि इथले अनुभवी मिस्त्री एकत्र आले तर खर्च फार नाही. ट्रॉल्यांना ब्रेक बसवण्यासाठी उचलीतून नव्हे, कारखान्याच्या वाहतूक निधीतून मदत मिळावी. ट्रॅक्टर चालवणारा आपले काम जाणतो. त्याला कमतरता आहे ती वाजवी वजनाची आणि वेळेची. ते देणे ज्यांच्या हातात आहे, त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी ते द्यावे.