स्क्रिप्ट चालवा, पण डिस्क ओळखून
जालन्याच्या एमआयडीसीत स्टील मिलची भट्टी थांबली की मिनिटामिनिटाचा हिशेब होतो. पण वजनकाटा, टॅली आणि हजेरी ज्या एका सर्व्हरवर चालते, तो बसला की छत्रपती संभाजीनगरहून कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येईपर्यंत वाट बघायची, हे आपण गपगुमान मान्य करतो. असे एकाच सर्व्हरवर अनेक कामे चालवायला लागणारे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये घेतल्यावर लायसन्सचे गणित बदलले आणि बऱ्याच जणांची नजर प्रॉक्समॉक्स या पर्यायाकडे वळली. त्याच्या ८.२ आवृत्तीत, एप्रिल २०२४मध्ये, एकही प्रश्न न विचारता होणारे इन्स्टॉलेशन आले. (व्हीएमवेअरकडे किकस्टार्ट नावाची अशीच सोय त्याआधीपासूनच होती, हेही सांगायला हवे.) देश, पासवर्ड, आयपी, डिस्क असे सगळे एका फाइलीत लिहून ठेवायचे. खरी मेख डिस्कच्या ओळीत आहे. नुसते 'एसडीए' लिहिले आणि नेमके त्या दिवशी मशिनने बॅकअपच्या डिस्कला ते नाव दिले, तर वर्षाची खाती पुसली जातात, तीही न विचारता. तिथे मॉडेल किंवा सिरियल नंबर लिहावा. नेटवर्क कार्डही मॅक पत्त्यावरूनच ओळखावे. पुढे नेटवर्कच्या ब्रिज आणि व्हीलॅनची स्क्रिप्ट दुरून चालवायची असेल, तर एक गोष्ट मी सक्तीची करीन: नेटवर्कची मांडणी असलेली जुनी 'इंटरफेसेस' फाइल बाजूला ठेवा, पाच मिनिटांत ती आपोआप परत लागू होईल असा टायमर लावा, मगच बदल करा. कनेक्शन टिकले तर टायमर रद्द. गेटवे चुकला आणि टायमरही नसला, तर रात्री मॉनिटर-कीबोर्ड घेऊन कुणाला तरी मिलवर पिटाळावे लागते.