पास-नापास नसलेली परीक्षा



आमच्या वर्गात खिडकीजवळ पुठ्ठ्याची एक प्रश्नपेटी आहे. हात वर करून विचारायला संकोच वाटला, तर चिठ्ठी लिहायची आणि पेटीत टाकायची. बहुतेक चिठ्ठ्यांमध्ये डायनोसॉर असतात, नाहीतर सहल कधी जाणार हा प्रश्न. मागच्या आठवड्यात मात्र एक निराळीच चिठ्ठी निघाली. चौथीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं : ‘बाई, माझा दादा सहावीत आहे. त्याला धडा नीट वाचता येत नाही. म्हणून त्याला दवाखान्यात परीक्षेला नेणार आहेत. आजी म्हणते, तिथं वेड्या मुलांना नेतात. दादा कालपासून नीट जेवला नाही. त्या परीक्षेत तो नापास झाला तर?’

ही चिठ्ठी एकट्या तिची नाही. तुमच्यापैकी काही जणांच्या मनातही हा प्रश्न असेल, फक्त तुम्ही तो लिहिला नसेल. म्हणून आजचा आपला तास या प्रश्नासाठी.

आधी एक गंमत करू या. खालचं वाक्य मोठ्यानं वाचा. लवकर वाचा हं!

‘भाझ्या धराजबळ एक भोठं बडाचं झाड आहे.’

अडखळलात ना? मी फक्त ‘म’च्या जागी ‘भ’, ‘घ’च्या जागी ‘ध’ आणि ‘व’च्या जागी ‘ब’ लिहिला. एवढ्यानं तुमची गाडी थांबली! आता असं समजा की पुस्तकातली प्रत्येक ओळ तुम्हांला इतकीच जड जाते आहे, मागून कोणीतरी हसतं आहे आणि बाई म्हणताहेत, ‘पुढे वाच.’ काही मुलांचं रोज असंच होतं. त्यांना अक्षरं दिसत नाहीत असं नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ त्यांच्या मेंदूत चटकन बसत नाही. आपल्या मराठीत तर र्‍हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर! ‘र’ कधी डोक्यावर रफार होऊन बसतो (सूर्य), कधी पायाशी तिरकी रेघ होतो (चक्र). ‘ख’ जरा सुटा लिहिला की ‘रव’ वाटतो. तुम्ही-आम्ही हे सगळं न कळत शिकून गेलो. या मुलांना ते एकेक करून, पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

अशा अडचणीला वाचनाची अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतात. कोणाला लिहिताना अशी अडचण येते, कोणाला आकडेमोडीत. या सगळ्यांना मिळून ‘अध्ययन अक्षमता’ असं नाव आहे. आळसानं किंवा लाडानं ती होत नाही. पुष्कळदा ती एकाच घरातल्या दोघा-तिघांत आढळते. आणि गंमत म्हणजे अशी मुलं बुद्धीनं चांगली तल्लख असू शकतात. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, खेळात पुढे, गणितात बरा. पण वाचायला बसला की साधे शब्दही त्याला येईनात. म्हणजे ही गोष्ट काही आजकालची नाही.

आता त्या दवाखान्यातल्या परीक्षेकडे वळू. तिथं नेमकं काय होतं?

सर्वांत आधी डोळे आणि कान तपासतात. फळाच दिसत नसेल किंवा बाईंचं बोलणं अर्धंच ऐकू येत असेल, तर वाचन कुठून येणार? कधी कधी चष्म्यावरच प्रश्न सुटतो. मग आई-बाबांना विचारतात : चालायला कधी लागला, बोलायला कधी लागला, लहानपणी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, झोप कशी आहे. शाळेच्या वह्याही पाहतात. म्हणून जाताना वह्या घेऊन जायच्या, खाडाखोड असलेल्यासुद्धा. त्या खाडाखोडीतच पुष्कळ माहिती असते.

मग मानसतज्ज्ञ मुलाला घेऊन टेबलापाशी बसतात. रंगीत ठोकळे देतात आणि चित्रातल्यासारखी नक्षी जुळवायला सांगतात. काही आकडे म्हणून दाखवतात. ते तसेच म्हणायचे आणि मग उलटे म्हणायचे. ४-९-२-७ ऐकलं की ७-२-९-४ म्हणायचं. करून पाहा, वाटतं तितकं सोपं नाही! सुलटे आकडे म्हणायला नुसतं लक्षात ठेवावं लागतं. उलटे म्हणायला आकडे डोक्यात धरून ठेवून फिरवावेही लागतात. म्हणजे एकाच खेळात मेंदूची दोन कामं वेगवेगळी दिसतात. शब्दांचे अर्थ विचारतात, गोष्ट ऐकवून थोड्या वेळानं आठवायला सांगतात, लक्ष किती वेळ टिकतं ते पाहतात. शेवटी वाचन, लेखन आणि गणित. सगळ्याला काही तास लागतात. मूल दमलं तर पुन्हा दुसर्‍या दिवशी बोलावतात. सुई नाही, इंजेक्शन नाही, कडू औषध नाही.

मग पास-नापास कसं ठरतं? ठरतच नाही. आपलं पिंपरी-चिंचवड म्हणजे कारखान्यांचं गाव. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे बाबा भोसरीला, चाकणला मशीनवर काम करतात. त्यांना ‘गो-नो गो गेज’ म्हणजे काय ते विचारा. भोकाचं माप बघायचं हे साधन. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट. बिघाड किती आणि का झाला, ते हे गेज सांगत नाही. आपली वार्षिक परीक्षा थोडीफार अशीच असते. व्हर्निअर कॅलिपर मात्र नेमकं माप दाखवतो, आणि ते माप बघून कारागीर मशीन कुठं जुळवायचं ते ठरवतो. मानसतज्ज्ञांची चाचणी ही व्हर्निअरसारखी आहे. ती मुलाला बाद करायला नसते; शिकवण्यात कुठं बदल करायचा ते शोधायला असते.

समजा, सहावीतला एक मुलगा आहे. ठोकळ्यांची नक्षी त्यानं आपल्या वयाच्या मुलांपेक्षा लवकर जुळवली. तोंडी प्रश्नांची उत्तरं झकास दिली. पण वाचन दुसरीच्या पातळीवर. आता कळलं की बुद्धीला काही झालेलं नाही, अडचण अक्षरांच्या वाटेवर आहे. दुसर्‍या एका मुलीला वाचता छान येतं, पण पाच मिनिटांत लक्ष उडतं. तिची वाट निराळी. तिसर्‍या मुलाला सगळ्याच गोष्टी शिकायला जास्त वेळ लागतो. त्याला सावकाश आणि रोजच्या व्यवहाराला धरून शिकवायला हवं. तिघांचे मार्क सारखेच कमी असतील, तरी तिघांना मदत वेगवेगळी लागते. नुसतं प्रगतिपुस्तक बघून हे कळलं नसतं.

मेंदूला इजा झाली तरीही अशा चाचण्या करतात. दुसर्‍या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना तपासताना रशियातले अलेक्झांडर लुरिया यांनी मेंदूच्या कोणत्या भागाला मार लागला की कोणतं काम अडतं, याचा बारकाईनं अभ्यास केला. आपल्याकडे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेनं भारतीय मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा चाचण्यांचे संच तयार केले आहेत. मोटारसायकलवरून पडलेलं किंवा मेंदूज्वरातून उठलेलं मूल वरून ठणठणीत दिसतं, पण शाळेत विसरतं, चिडतं, मागे पडतं. चाचणीतून कळतं की हा हट्ट नाही, मेंदू अजून सावरतो आहे. (आणि हो, बाबांच्या मागे बसताना हेल्मेट घालायला लाजू नका!)

या चाचण्यांची सुरुवात झाली तीही शाळेतल्या मुलांसाठीच. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या मदतीनं १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली. कोणत्या मुलांना वर्गात जास्तीची मदत लागेल ते शोधणं, हा तिचा उद्देश होता. बुद्धी म्हणजे कायमचा ठरलेला आकडा नव्हे, सरावानं ती वाढवता येते, असं बिने यांचं मत होतं. पुढे काही लोकांनी हे विसरून मुलांवर नुसते आकडे चिकटवले. ती चूक चाचणीची नव्हती, वापरणार्‍यांची होती.

पण पॅरिसचे प्रश्न आपल्या मुलांना कसे चालणार? म्हणून धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या चाचणीला मराठी आणि कन्नड मुलांसाठी नवं रूप दिलं. १९५५ मध्ये भाटिया यांनी ठोकळे आणि चित्रांची अशी चाचणी आणली, की जिच्यात भाषा फार लागत नाही. नागपूरला डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या वेश्लर यांच्या चाचणीचं भारतीय रूप केलं. आणि हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये ‘डाली’ नावाचा संच काढला. पहिली ते पाचवीच्या मुलांची वाचनाची अडचण त्यातून हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तपासता येते.

भाषेचं एवढं काय, असं वाटेल. आमच्या वर्गात डोकावून बघा. कोणाच्या घरी मराठवाड्याची मराठी, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी भोजपुरी. दोनच वर्षांपूर्वी मराठी कानावर पडलेल्या मुलाची मराठीतच चाचणी घेतली आणि त्याला शब्दांचे अर्थ आले नाहीत, तर तो बुद्धीनं कमी ठरला का? मुळीच नाही! त्याला फक्त मराठी यायची आहे. म्हणून घरी कोणती भाषा बोलता, शाळा कोणत्या माध्यमाची, हे आधीच सांगायला हवं. तसंच, ताप असेल, झोप झाली नसेल, पोट रिकामं असेल, भीती वाटत असेल, तर आकडा खाली येतो. आकड्यामागे मूल असतं, हे चांगले तज्ज्ञ कधी विसरत नाहीत.

‘वेड्या मुलांना नेतात’ या बोलण्याचं काय? पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमान मुलं निवडण्यासाठी अशाच प्रकारच्या चाचण्या वापरल्या गेल्या. सैन्यात अधिकारी निवडतानाही मानसशास्त्रीय चाचण्या घेतात. तिथं जाणार्‍यांना आपण वेडं म्हणतो का?

चाचणीनंतर खरं काम सुरू होतं. तज्ज्ञ अहवाल समजावून सांगतात. वाचनाची अडचण असेल तर विशेष शिक्षक आवाज आणि अक्षर यांची जोडी नव्यानं बांधून देतात : वाळूत अक्षर गिरवणं, शब्दाचे तुकडे पाडणं, रोज थोडंथोडं. गोळी देऊन हे होत नाही, महिने लागतात, पण फरक पडतो. शिवाय हक्कही आहेत. १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था त्याच वर्षी सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. नियमाप्रमाणे दाखला मिळाला, तर परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशी मदत मिळू शकते. ही मेहेरबानी नव्हे. चष्मा लावून पेपर लिहिणार्‍याला आपण कधी म्हणतो का, की तू कॉपी करतोस म्हणून?

एक काळजी मात्र घ्यायची. लहान मुलं अक्षरं उलटी लिहितातच. पहिलीतल्या भावाचा ‘३’ उलटा दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण आठव्या वर्षानंतर करतात. अडखळणार्‍या मुलाला मदत मात्र त्याआधीही सुरू करायची.

आता चिठ्ठीवाल्या मुलीसाठी. बाळ, दादाला सांग की या परीक्षेत नापास होताच येत नाही. आदल्या रात्री लवकर झोप म्हणावं, सकाळी पोटभर खा, आणि येत नसेल तिथं बिनधास्त ‘येत नाही’ म्हण. ‘येत नाही’ हेही तिथं कामाचं उत्तर असतं. त्याला हवं असेल तर त्यानं स्वतःच विचारावं, ‘माझं काय चांगलं आहे ते पण सांगा.’ आजीला रागावू नकोस. तिच्या काळी ज्या मुलाला वाचता येत नसे, त्याची शाळाच सुटत असे. शिक्का बसेल ही तिची भीती खोटी नाही, कारण शिक्के मारणारे असतात. पण दादावर शिक्का तर आधीच बसलाय. वर्गातल्या मुलांनी त्याला ‘ढ’ म्हटलंच असणार. चाचणीनं झाला तर तो पुसायला उपयोगच होईल. आणि अहवाल घरच्यांसाठी आणि शिकवणार्‍यांसाठी असतो. तो सूचनाफलकावर लावायचा नसतो.

राहिला गृहपाठ. या आठवड्यात दोन गोष्टी करायच्या. एक, मित्राबरोबर उलट्या आकड्यांचा खेळ खेळा. मात्र त्यावरून कोणाला हुशार किंवा बिनडोक ठरवायचं नाही, ते तुमचं काम नव्हे. दुसरी, मुळाक्षरांतला ‘ढ’ हा ढगाचा आणि ढोलाचा आहे. तो कोणत्याही मुलाला चिकटवायचा नाही. वर्गात कोणी वाचताना अडखळलं, तर हसू दाबा आणि बोट ठेवून पुढचा शब्द हळूच दाखवा.

जमेल ना? मला कळवा.

तुमच्या बाई