मधली पायरी

आपल्या पाठ्यपुस्तकात प्रथिनाच्या दोनच अवस्था असतात: घडी बसलेली आणि उलगडलेली. हे अर्धसत्य होय. सर्व क्षार प्रथिनांवर सारखेच वागत नाहीत, हे १८८८ साली हॉफमाइस्टर यांनी अंड्याच्या पांढऱ्यावर दाखविले. अमोनियम सल्फेट घडी सांभाळते. ग्वानिडिनियम क्लोराइड ती मोडते. पण कित्येक प्रथिने एकदम मोडत नाहीत; वाटेत अर्धवट घडीत थबकतात. १९८८ मध्ये जयंत उदगावकर व बाल्डविन यांनी रायबोन्यूक्लिएज ए या प्रथिनाची घडी बसताना अशी मधली अवस्था पकडली. अशी अर्धवट प्रथिने एकमेकांस चिकटली, तर रोगही संभवतात. दोन टोके लिहून परीक्षेत गुण मिळतात, हे खरे. परंतु अभ्यासक्रमात या मधल्या पायरीला जागा मिळालीच पाहिजे.